विरोधी बाकावरून सरकारी विधेयकाला पाठिंबा द्यायचा का? व्हिप, दुरुस्त्या आणि तडजोडीची वेळ

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा एका महिला आमदाराचा स्वीय सहायक आहे. ताई विरोधी पक्षाच्या आणि पहिल्यांदाच निवडून आलेल्या. येत्या अधिवेशनात एक सरकारी विधेयक येतंय. त्यातला पाऊण भाग ताईंना पटतो आणि मतदारसंघालाही त्याचा उपयोग आहे. पक्षाचा सूर मात्र 'या सरकारला कशातच साथ नाही' असा. पाठिंबा दिला तर पक्षात 'ताई मॅनेज झाल्या' म्हणणार, विरोध केला तर गावात 'कामाला आडव्या येतात' म्हणणार. शिवाय व्हिप, म्हणजे पक्षादेश, मोडला तर आमदारकी जाते का, हाही उपप्रश्न आहे.

विरोधी सदस्यांसाठी विधेयकं वाचून टिपणं काढणं आणि दुरुस्त्यांचे मसुदे करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही 'पाठिंबा की विरोध' असं विचारलंय, म्हणजे शेवटच्या 'होय-नाही'बद्दल. तोवर बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात. खरा प्रश्न हा की तडजोड कोणी करायची, कुठल्या टप्प्यावर करायची आणि तिच्या बदल्यात काय लेखी मिळवायचं. माझं मत सरळ आहे: तडजोड पक्षाने गट म्हणून करावी, समितीत आणि कलमांवर करावी, आणि ती कागदावर असावी. एकट्या सदस्याने मंत्र्यांच्या दालनात केलेल्या तडजोडीत सदस्याचं नाव जातं आणि विधेयक होतं तसंच राहतं. पक्षाची एकी टिकली तरच सरकार बोलायला बसतं. फुटलेल्या गटाशी बोलायची कुणाला गरज पडत नाही, त्यातले चार जण परस्पर मिळतात.

आता 'परिस्थितीवर अवलंबून' असलेला भाग. पहिलं म्हणजे आकडे. महाराष्ट्र विधानसभेत 288 जागा आहेत. नोव्हेंबर 2024 च्या निकालात भाजप 132, शिंदेंची शिवसेना 57 आणि अजित पवारांची राष्ट्रवादी 41 अशा 230 जागा तीन पक्षांकडे गेल्या. समोर ठाकरेंची शिवसेना 20, काँग्रेस 16, शरद पवारांची राष्ट्रवादी 10. विरोधी पक्षनेतेपदासाठी धरला जाणारा एक दशांशाचा आकडा, म्हणजे 29, एकालाही गाठता आला नाही. अशा सभागृहात तुमच्या ताईंच्या एका मताने विधेयक अडतही नाही आणि तरतही नाही. त्यामुळे 'आमचं मत हवं असेल तर हे बदला' ही भाषा चालत नाही.

मग विरोधकांच्या हातात उरतं काय? उरतं ते 'एकमताने मंजूर' हे दोन शब्द देण्या-न देण्याचा अधिकार. सरकारला बहुमत आयतं असतं, एकमत नसतं, आणि नाजूक विषयात ते हवं असतं. मराठा आरक्षणाचं विधेयक 29 नोव्हेंबर 2018 ला दोन्ही सभागृहांत एकमताने झालं, 20 फेब्रुवारी 2024 चं 10 टक्क्यांचंही एकमताने झालं. विरोधकांना विरोध करणं परवडणारं नव्हतं हे खरंच, पण सरकारलाही जबाबदारी वाटून हवी होती. 2018 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2021 ला रद्द केला तेव्हा 'आम्ही एकटे नव्हतो' हे म्हणता यावं म्हणून ते एकमत लागतं. म्हणून ते फुकट देऊ नये. त्याची किंमत म्हणजे निदान आयोगाचा अहवाल पटलावर, आकडेवारी पटलावर, कायदा टिकेल कसा याचं उत्तर इतिवृत्तात.

दिल्लीत घटनादुरुस्ती असेल तर गणित पार उलटतं. तिथे उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांची दोन तृतीयांश मतं आणि एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. विरोधकांची मतं खरोखर मोजली जातात. वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती हे त्याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण आहे. लोकसभेत मे 2015 मध्ये ती मंजूर झाली, राज्यसभेत सरकारकडे संख्या नव्हती, विधेयक प्रवर समितीकडे गेलं. काँग्रेसने पंचवीस मागण्या केल्या नाहीत, तीनच धरून ठेवल्या: उत्पादक राज्यांना मिळणारा जादा 1 टक्का कर काढा, 18 टक्क्यांची कमाल मर्यादा घटनेत लिहा, आणि वाद सोडवायला स्वतंत्र यंत्रणा द्या. वर्षभराने, 3 ऑगस्ट 2016 ला, राज्यसभेत 203 विरुद्ध 0 मतांनी विधेयक झालं (अण्णाद्रमुकने सभात्याग केला होता). पहिली मागणी पूर्ण मान्य झाली. तिसरी अर्धी: वादासाठी यंत्रणा उभारणं जीएसटी परिषदेवर बंधनकारक झालं, पण यंत्रणा परिषदेचीच राहिली. दुसरी गेली. शिवाय राज्यांच्या भरपाईचं कलम घट्ट झालं. मूळ मसुद्यात भरपाई द्यायची की नाही हे ऐच्छिक होतं आणि मुदत 'पाच वर्षांपर्यंत' अशी सैल होती. अंतिम मजकुरात ती देणं बंधनकारक आणि मुदत सरळ पाच वर्षं. गंमत म्हणजे महाराष्ट्रासारख्या उत्पादक राज्याला तो 1 टक्का हवाच होता. म्हणजे पक्षाची दिल्लीतली भूमिका आणि राज्याचं हित इथेही एका रेषेत नव्हतं. असं होतंच. पण तीन मागण्यांपैकी दीड पदरात पडली, आणि ती पडली कारण गट शेवटपर्यंत एकत्र राहिला.

आता व्हिप आणि आमदारकी. घटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे (1985 ची 52 वी घटनादुरुस्ती) पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलात, आधी परवानगी घेतली नव्हती आणि पक्षाने 15 दिवसांत ते माफही केलं नाही, तर अपात्रतेची याचिका होऊ शकते. यात दोन गोष्टी लोक विसरतात. गैरहजेरीही यात येते, त्यामुळे 'त्या दिवशी ताई मतदारसंघात होत्या' ही पळवाट नाही. आणि परवानगी आधी घ्यायची असते, लेखी, गटनेत्याकडून किंवा प्रतोदाकडून (प्रतोद म्हणजे व्हिप काढणारा पक्षाचा पदाधिकारी). फोनवरचं 'बरं, बघू' म्हणजे परवानगी नव्हे.

1992 च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अपात्रतेची कुऱ्हाड विश्वास-अविश्वास प्रस्तावापुरती आणि पक्षाच्या मूळ धोरण-कार्यक्रमाशी निगडित बाबींपुरतीच ठेवावी. व्यवहारात पक्ष हा फरक पाळत नाहीत, ऊठसूट तीन ओळींचा, म्हणजे सगळ्यात कडक, व्हिप निघतो. म्हणून त्या निकालाच्या भरवशावर उडी मारू नका. पण गटबैठकीत 'या विधेयकाला व्हिप नको, सदस्यांना मोकळीक द्या' असं म्हणण्यासाठी तो चांगला आधार आहे. एप्रिल 2025 मध्ये वक्फ विधेयकावर बिजू जनता दलाने राज्यसभेत व्हिप काढलाच नाही, सदस्यांवर सोडलं. अशी सोय पक्षाने दिली तर घ्यावी. (राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला व्हिप नसतो, विधानपरिषदेवर सदस्य निवडून देताना आमदारांचं मतदान गुप्त असतं. 'क्रॉस व्होटिंग'च्या बातम्या तिथल्या असतात. विधेयकावरच्या मताशी त्यांची गल्लत करू नका.)

व्हिपवर सही कोणाची आहे तेही बघा. शिवसेना फुटीवरच्या मे 2023 च्या सुभाष देसाई निकालानंतर हे पक्कं आहे की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ गटाचा नव्हे. 2022 च्या जुलैत सुनील प्रभू आणि भरत गोगावले अशा दोन प्रतोदांचे व्हिप एकाच पक्षाच्या आमदारांच्या हातात होते. तो प्रसंग पुन्हा येणार नाही असं कोणी छातीठोकपणे सांगू नये. मिळालेला व्हिप, तो मिळाल्याची वेळ, मोबाईलवर आला असेल तर तो संदेश, हे सगळं स्वीय सहायकाने फाईलला लावायचं असतं.

मतदानाव्यतिरिक्त दुसरी एक वाट आहे आणि ती जास्त निसरडी आहे: 'स्वेच्छेने पक्षसदस्यत्व सोडणं'. गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी राजीनामा लागत नाही, वागणुकीवरूनही तसा निष्कर्ष निघू शकतो. 2017 मध्ये शरद यादव यांची राज्यसभा सदस्यता गेली ती सभागृहातल्या मतामुळे नव्हे. विरोधी पक्षाच्या पाटण्यातल्या मेळाव्याला ते गेले, हे त्यांच्याविरुद्ध धरलं गेलं. एका विधेयकाचं कौतुक केलं म्हणून असं काही होत नाही. पण सत्ताधाऱ्यांच्या मंचावर हार घालून घेणं आणि सभागृहात कलमाला पाठिंबा देणं यातलं अंतर ताईंना नीट समजावून सांगा.

पक्षात संशय का घेतात, यावर रागावू नका. गोव्यात जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये विलीन झाले, सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8. विलीनीकरण म्हणून अपात्रता टाळायला लागणारा दोन तृतीयांशांचा आकडा दोन्ही वेळा बरोबर जुळवलेला. महाराष्ट्रात काय झालं ते सांगायला नको. अशा काळात मंत्र्यांच्या दालनात एकट्याने अर्धा तास बसलेला विरोधी आमदार दिसला की गटनेता आधी मोजणी करतो, मग विचारपूस. हा संशय घालवायचा एकच उपाय मला माहीत आहे: जाण्याआधी गटनेत्याला कळवायचं, शक्यतो सोबत आणखी एक सदस्य न्यायचा, आणि जे निवेदन दिलं त्याची प्रत गटकार्यालयात ठेवायची.

आता जरा जवळून बघण्यासारखं उदाहरण, कारण तुमचा पेच बराचसा तसाच आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आधी जुलै 2024 मध्ये आलं, विधानसभेची मुदत संपल्यावर डिसेंबर 2024 मध्ये नागपूरला पुन्हा मांडलं गेलं आणि चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीत तिन्ही विरोधी पक्षांचे अनुभवी सदस्य होते. बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. समितीतून बाहेर पडताना विधेयक बदललं होतं. 'व्यक्ती आणि संघटना' असा मूळचा मोकळा रोख 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' असा झाला. सल्लागार मंडळाची रचना बदलली. तपास फौजदाराऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. हे बदल क्षुल्लक नाहीत. समितीत बसल्यामुळेच ते झाले, अध्यक्षांसमोरच्या हौदात उतरून गोंधळ घातल्याने झाले नसते.

बिघडलं ते पुढे. 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या फार सैल आहे हा मुख्य आक्षेप सुटलेला नव्हता, तरी समितीच्या अहवालाला एकही भिन्नमतपत्रिका, म्हणजे सगळे जिला डिसेंट नोट म्हणतात ती, जोडली गेली नाही. 10 जुलै 2025 ला विधानसभेत विधेयक आवाजी मतदानाने झालं. विरोधात ठामपणे उभे राहिले ते डहाणूचे माकपचे विनोद निकोले एकटे. दुसऱ्या दिवशी विधानपरिषदेत त्याच विरोधी पक्षांनी सभात्याग केला. मग सरकारने सरळ विचारलं की समितीत गप्प, विधानसभेत गप्प, आणि परिषदेत अचानक लोकशाही धोक्यात कशी? त्याला उत्तर नव्हतं. समितीत मिळवलेल्या बदलांचं श्रेय सरकारने घेतलं आणि न मिळालेल्या बदलांसाठी लढल्याचं श्रेय विरोधकांना मिळालंच नाही.

यातून तडजोड करू नये असा अर्थ काढणारे लोक आहेत. मला तो पटत नाही. चूक तडजोडीची नव्हती, हिशेब न लिहिण्याची होती. दोन पानांची भिन्नमतपत्रिका असती, 'अमुक तीन बदल आमच्या सूचनेवरून झाले, व्याख्येचं कलम मात्र आम्हाला मान्य नाही, ते असं असायला हवं' एवढं लिहिलेलं, तर विधानसभेत दुरुस्ती मांडून तीवर पोल, म्हणजे मतांची मोजणी (विभाजन), मागता आला असता. दुरुस्ती पडली असती, पण भूमिका एकच दिसली असती. पत्रिका समितीच्या शेवटच्या बैठकीत द्यायची असते आणि अहवाल सभागृहात ठेवण्याआधी ती कार्यालयात पोहोचावी लागते. ही बैठक पुष्कळदा घाईत उरकते, त्यामुळे मसुदा आधीच्या आठवड्यात तयार ठेवावा. पक्षाच्या वरिष्ठांना तो तेव्हाच दाखवावा, विधेयक एका सभागृहात मंजूर झाल्यावर नव्हे.

एका सभागृहात एक आणि दुसऱ्यात दुसरं, ही अडचण जुनीच आहे. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिलं आणि दोन दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. तेव्हा महाराष्ट्रात नवी आघाडी जेमतेम दोन आठवड्यांची होती. आघाडी असली की 'पक्षाची एकी' हा शब्द अपुरा पडतो, कारण तीन पक्षांचे तीन प्रतोद, तीन वरिष्ठ आणि तीन वेगळे मतदार असतात. तीन गटांची समन्वय बैठक विधेयक मांडलं जाण्याच्या आधी व्हायला हवी. ती बहुतेक वेळा चहापानावर बहिष्काराच्या पत्रकार परिषदेआधी वीस मिनिटं होते, आणि त्यात विधेयकांचा विषयच निघत नाही.

बहिष्काराचंही असंच आहे. मुख्यमंत्र्यांच्या चहापानावरचा बहिष्कार ठीक, त्यात जातं काय, एक कप चहा. समितीवरचा बहिष्कार महाग पडतो. अटकेतल्या मंत्र्यांना पदावरून दूर करण्याच्या 130 व्या घटनादुरुस्ती विधेयकावरच्या संयुक्त समितीवर काँग्रेस, तृणमूल, समाजवादी पक्ष, ठाकरेंची शिवसेना यांनी बहिष्कार घातला, तर शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या सुप्रिया सुळे समितीत गेल्या. दोन्ही बाजूंना युक्तिवाद आहे: दोन तृतीयांश नाहीच मिळणार तर समितीला मान्यता कशाला द्या, हा एक. आत बसल्याशिवाय साक्षीदारांना प्रश्न विचारता येत नाहीत आणि भिन्नमतही नोंदवता येत नाही, हा दुसरा. माझा कल दुसरीकडे आहे. पण मान्य करतो की वक्फ विधेयकाच्या समितीत विरोधकांच्या 44 दुरुस्त्या बहुमताने फेटाळल्या गेल्या, तेव्हा 'जाऊन काय मिळवलं' हा प्रश्न रास्त होता. मिळवलं ते एवढंच की आक्षेप कलमवार नोंदले गेले आणि पुढे न्यायालयात तेच मुद्दे मांडता आले.

पक्षाच्या वतीने बोलायला कोण जाणार, हे पक्षानेच ठरवायला हवं. मे 2025 मध्ये परदेशी पाठवायच्या सर्वपक्षीय शिष्टमंडळांसाठी काँग्रेसने चार नावं दिली, सरकारने त्यातलं एक घेतलं आणि शशी थरूर यांना, यादीत नसताना, एका शिष्टमंडळाचं नेतृत्व दिलं. हेतू काय होता यावर वाद घालत बसा हवं तर. परिणाम असा झाला की देशासाठी एकत्र येण्याचा विषय बाजूला पडून आठवडाभर काँग्रेसची अंतर्गत भांडणं चघळली गेली. तुमच्या ताईंना उद्या एखाद्या मंत्र्याने परस्पर 'तुम्ही अभ्यासू आहात, तुम्ही समितीत या' असं म्हटलं, तर उत्तर ठरलेलं हवं: 'गटनेत्यांना पत्र द्या, त्यांनी माझं नाव दिलं तर येते.'

मतदारसंघाच्या निधीचं बोलायलाच हवं, कारण खरी ओढ तिथेच असते. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी रुपये, तो विरोधी आमदारालाही मिळतो. पण रस्ते, पूल, पाणीयोजना यांचा मोठा पैसा जिल्हा नियोजन समितीतून आणि पुरवणी मागण्यांतून येतो, आणि तिथे पालकमंत्र्यांचा शब्द चालतो. 'विधेयकावर फार ताणू नका, तुमच्या पुलाचं बघतो' हे वाक्य अशाच वेळी कानावर पडतं. विधेयक आणि पूल एकाच बैठकीत येऊ देऊ नका. पुलासाठी वेगळं पत्र, कपात सूचना, लक्षवेधी, तारांकित प्रश्न ही वेगळी वाट आहे. ती संथ आहे, पण पूल झाला तर तो ताईंच्या पत्राने झाला असं दाखवता येतं. मत देऊन आणलेला पूल पुढच्या अर्थसंकल्पात अडला, तर तक्रार करायला तोंड राहत नाही.

आता तुमच्या विधेयकाचं. विधेयकाची प्रत हातात आली की चार रकान्यांचा तक्ता करा: कलम क्रमांक, आत्ताचा मजकूर, आपला आक्षेप एका ओळीत, आणि आपण सुचवतो तो नेमका मजकूर. चौथा रकाना रिकामा असलेला आक्षेप फक्त भाषणासाठी असतो, वाटाघाटीत तो चालत नाही. मग त्यातले तीन निवडा. तीनच का? मंत्री आणि विधी व न्याय विभागाचे अधिकारी पंधरा मुद्द्यांची यादी बघून सगळ्यात निरुपद्रवी दोन मान्य करतात आणि 'विरोधकांच्या सूचना स्वीकारल्या' असं जाहीर करतात. तिन्ही मुद्द्यांना क्रम द्या: एक ज्याशिवाय पाठिंबा नाही, एक जो अर्धा मिळाला तरी चालेल, आणि एक जो सोडायची तयारी आहे. हा क्रम गटाबाहेर कोणाला सांगू नका, गटातही दोन-तीन जणांनाच.

हे एक पानी टिपण ताईंच्या सहीने गटनेत्यांना द्या, गटबैठकीच्या आधी. बैठकीत ताईंनी मोकळेपणाने म्हणावं की विधेयकाचा पाऊण भाग चांगला आहे, सरसकट विरोध केला तर आपल्याच मतदारांना उत्तर देता येणार नाही. मतभेदाची जागा ती बैठक. तिथे हरलात तर बाहेर पक्षाची ओळ पाळा. हे कडू आहे, पण तिथे न बोलता माध्यमांपुढे बोललेलं कोणी विसरत नाही. मागण्या मान्य होण्याआधी समाजमाध्यमावर 'स्वागतार्ह विधेयक' असं टाकणं तर अजिबात नको. ज्या दिवशी ते टाकाल त्या दिवशी सरकारला तुमच्याशी बोलायचं कारण संपलं.

विधेयक संयुक्त समितीकडे पाठवण्याची मागणी पहिल्या दिवशीच करा. महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक डिसेंबर 2020 मध्ये आलं, समितीकडे गेलं आणि वर्षभराने एकमताने मंजूर झालं. तेव्हा विरोधात भाजप होता. घाई नव्हती म्हणून कलमांवर काम झालं. (एकमत झालं की कायदा झाला असं समजू नका, त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळालीच नाही.) समिती नाकारली गेली तर कलमवार दुरुस्त्या मुदतीत द्या. आदल्या रात्री लिहिलेली दुरुस्ती बहुतेकदा तांत्रिक कारणाने बाद होते: चुकीचं पोटकलम, मराठी-इंग्रजी मजकुरात तफावत, किंवा अर्थसंकल्पावर भार टाकणारी असून राज्यपालांची शिफारस जोडलेली नाही.

दुरुस्ती मंत्र्यांना मान्य नसेल तर सभागृहात निदान आश्वासन मिळवा आणि शब्द नीट ऐका. 'तपासून पाहू', 'सकारात्मक विचार करू' यातून काही निघत नाही. 'नियमांमध्ये ही तरतूद करण्यात येईल' हे आश्वासन आहे, ते इतिवृत्तात जातं आणि पुढे आश्वासन समितीकडे नेता येतं. ताईंनी तिथल्या तिथे 'मंत्रिमहोदयांनी नियमांत तरतूद करण्याचं मान्य केलं, त्याबद्दल आभार' असं म्हणून ते पक्कं करून घ्यावं. आभारासारखं दिसतं, काम नोंदीचं करतं.

सभात्यागाबद्दल एक सावधगिरी. भाषण आणि दुरुस्ती झाल्याशिवाय बाहेर पडू नका. बाहेर गेलात की पोल मागायला कोणी उरत नाही आणि नोंद राहते ती बिनविरोध मंजुरीची. पोल मागायचा तर जागेवरून मागा. 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत कृषी विधेयकांवर विभाजन नाकारताना पीठासीन अधिकाऱ्यांनी सदस्य आपल्या जागेवर नव्हते हेच कारण दिलं होतं. सदस्यांनी ते खोडून काढलं, पण विधेयकं आवाजी मतदानानेच झाली. आणि निलंबन ओढवून घेऊ नका. जुलै 2021 मध्ये भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये तो ठराव रद्द केला, पण मधल्या काळातल्या अधिवेशनात त्यांच्या जागा रिकाम्याच होत्या.

शेवटच्या मतदानाला ताईंपुढे तीन शक्यता असतील. पहिला मुद्दा मिळाला आणि पक्ष तयार असेल, तर पाठिंबा द्या आणि भाषणात मिळवलेले बदल कलम क्रमांकासकट सांगा. मुद्दा मिळाला नाही तर दुरुस्तीवर पोल मागून, मूळ विधेयकावर पक्ष सांगेल तसं. मुद्दा मिळाला पण पक्ष तरीही विरोधावर अडला, तर लेखी परवानगी मागा. ती नाकारली तर पक्षाबरोबर मत द्या, मात्र भाषणात चांगल्या कलमांना चांगलं म्हणा. व्हिप मताला लागतो, वाक्याला नाही. आणि दोन्ही सभागृहांत पक्षाचे सदस्य असतील तर विधानसभेतल्या भाषणाची प्रत परिषदेतल्या सहकाऱ्यांना त्याच संध्याकाळी पाठवा. परिषद साधं विधेयक पहिल्या फेरीला तीन महिने आणि दुसऱ्या फेरीला एक महिना एवढंच रोखू शकते, त्यातही तिथे आता सत्ताधाऱ्यांचं बहुमत आहे. तिथे वेगळी भूमिका घेऊन हाती काही लागत नाही.

गावात काय सांगायचं हेही विचारलंय. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी एक पानी पत्रक काढा: विधेयकात काय होतं, ताईंनी कुठलं कलम बदलायला सांगितलं, बदललं की नाही, मत काय दिलं आणि का. ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल एवढंच. विधेयकाचं नाव आणि तुम्हाला खटकणारी कलमं इथे लिहिलीत, तर चौथ्या रकान्यातला मजकूर कसा असावा ते सांगता येईल.